पांढऱ्या पट्टीची मागची कड

मी पहिलं पत्रक लिहिलं ते हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीवर. टाकीत एक मेलेलं कबूतर सापडलं होतं. मी लिहिलं, ‘टाकीत कबुतरांचा खच!’ खरं तर एक कबूतरही पुरेसं घाण होतं, पण खच वाचून वॉर्डन तीन दिवसांत हलला आणि टाकी धुतली गेली. तेव्हा जे शिकले ते पुढे सात वर्षं वापरलं. खरं असेल तेही फुगवून लिहायचं, कारण साध्या खऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

ही सवय बॅगेत घालूनच मी मॅसॅच्युसेट्सला पीएचडी करायला आले. वुस्टरजवळचं गाव, झाडीत लपलेलं, आणि आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सपासून दुकानांपर्यंतच्या रस्त्याला फूटपाथ नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला हे दिसतच नाही. ते कळतं सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेल्या आईवडिलांना. माझ्या रूममेटची आई सप्टेंबरात सांगलीहून आली. तिकडे रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारी बाई. इथे काकू ओल्या गवतातून एका हाताने साडी उचलून चालायच्या, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची पिशवी, आणि ट्रक आला की चराकडे कलायच्या. एके दिवशी एका ट्रकचा आरसा पिशवीला घासून गेला. पिशवी फाटली. काकू वाचल्या.

घरी येऊन म्हणाल्या, “दाराबाहेर पाऊल टाकायचं तर मला ड्रायव्हर लागतो. मी काय मंत्री आहे का गं?”

हसतच म्हणाल्या, पण त्यानंतर त्या एकट्या बाहेर पडल्या नाहीत. खिडकीत बसायला लागल्या.

माझं डोकं सटकलं. त्याच रात्री पत्रक तयार. ‘अर्धा मैल मरणाचा! रोज शेकडो माणसं जीव मुठीत धरून चालतात, आणि गाव झोपलंय!’ आमच्या गावाचा कारभार गावसभा चालवते. पुरेशा मतदारांनी सह्या केल्या की ठराव वसंतातल्या सभेपुढे जातो. मला इथे मत नाही, म्हणून मी दुसऱ्यांच्या सह्या गोळा करत फिरले. दोन-चार सह्या मिळाल्या, बाकी प्रत्येक दारात एकच उत्तर: त्या म्हाताऱ्याची सही आण, मग आम्ही करतो. हा म्हातारा गावाच्या रस्ते खात्यातून रिटायर झालेला आणि गावसभेचा जुना सभासद. एका माणसाच्या सहीवर अख्खं गाव अडतं, ही कसली लोकशाही, असं मी तोंडावर बोलले. लोक म्हणाले, हो, पण तरी आण.

तो मला सोमवारी दुपारी हायस्कूलच्या मैदानावर सापडला. दुसऱ्या फळीतल्या पोरांचा फुटबॉलचा सामना होता. इथला फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. म्हातारा कडेला एक नारिंगी खांब धरून उभा होता. मी पत्रक पुढे केलं.

“वाचीन,” तो म्हणाला. “शब्द न् शब्द वाचीन. पण आमचा एक माणूस आलेला नाही. तू क्लिप धर.”

“मला ह्या खेळातलं ओ की ठो कळत नाही.”

“फारच छान. म्हणजे मध्येच ओरडणार नाहीस.”

अशी मी चेनवर लागले. काम काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. सरकला तर नवे चार, नाही तर चेंडू दुसऱ्या संघाकडे. हे दहा यार्ड मोजायला दोन खांब आणि त्यांच्यामध्ये बरोबर दहा यार्डांची लोखंडी साखळी. ती गावातलीच माणसं धरतात, फुकट, वर्षानुवर्षं. मैदानावर दर पाच यार्डांना चुन्याची पांढरी पट्टी असते. खांब रोवले की साखळी ज्या पट्टीवरून जाते तिथे साखळीला एक क्लिप लावायची, पट्टीच्या मागच्या कडेला. मागची म्हणजे संघ जिकडून आला त्या बाजूची. वाद झाला की पंच ती क्लिप चिमटीत धरून साखळी आत नेतो, क्लिप त्याच पट्टीच्या मागच्या कडेवर टेकवतो, साखळी ताणतात, आणि पुढचा खांब सांगतो चेंडू पोचला की नाही. आणखी एक नियम. चेनवाल्याने तोंड उघडायचं नाही. टाळी नाही, हाय नाही, हुय नाही.

मला! तोंड उघडायचं नाही!

पण पहिल्यांदा साखळी आत गेलेली पाहिली आणि मी खरोखर गप्प झाले. एकमेकांच्या बरगड्या मोडायला निघालेली ती बावीस पोरं बाजूला सरकून उभी राहिली. कुणी ढकललं नाही, कुणी ‘पोचलाय पोचलाय’ म्हणून गळा काढला नाही. म्हाताऱ्याने साखळी ताणली. चेंडू चार बोटं मागे होता. ज्यांचं नुकसान झालं ती पोरं वळली आणि चालायला लागली. आमच्याकडे कॅरमच्या सोंगटीवरून भावाभावांत अबोला होतो, आणि इथे एक जुनी साखळी बोलली की विषय संपला. मी घरी जाऊन काकूंना तीनदा सांगितलं.

म्हाताऱ्याने शब्द पाळला. हाफ टाइमला पेन्सिल काढून त्याने पत्रक वाचलं. ‘शेकडो’खाली रेघ मारली. “मोजलीस?”

“अंदाजे.”

‘अर्धा मैल’खाली रेघ. “मोजलास?”

“साधारण तेवढाच आहे.”

त्याने पत्रकाची घडी करून खिशात ठेवली. सही नाही. पुढच्या सोमवारी मी पुन्हा क्लिप धरली, त्याने पुन्हा पत्रक काढलं, पुन्हा तेच. “मोजलास?” अख्खा ऑक्टोबर असा गेला. एकदा मी भडकले.

“तुमचा पंच तरी कुठे मोजतो? दहा पोरांच्या ढिगाखालून चेंडू उपसतो, इथेच असेल म्हणून नजरेने ठेवतो, आणि त्यावर तुम्ही इंचाइंचाची मापं काढता! ढोंग आहे हे सगळं.”

तो इतका हसला की खांब हलला. “खरंय. म्हणून तर आपल्या हातातला भाग तरी बरोबर पाहिजे.”

मला हे उत्तर आवडलं नाही. पण ते डोक्यातून गेलंही नाही.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या इथल्या मोठ्या सणाच्या, सकाळी इथे शेजारशेजारची गावं एकमेकांशी खेळतात. मुख्य संघ, मुख्य सामना. आमचा आणि शेजारच्या गावाचा जुना करार आहे, ह्या सामन्याला जादा वेळ नाही, बरोबरी तर बरोबरी, कारण घरोघरी सणाच्या जेवणाची टर्की ओव्हनमध्ये असते. क्लिपवाला माणूस त्या दिवशी पाठ धरून घरी होता. म्हाताऱ्याने मला बोलावलं. काकू दोन स्वेटर आणि चहाचा थर्मास घेऊन प्रेक्षकांत बसल्या. दोन हजार माणसं असतील. असतील म्हणते, मोजली नाहीत.

आमच्या पोरांनी त्या सीझनमध्ये एकही सामना जिंकला नव्हता. शेवटच्या वर्षाची पोरं तर त्या दिवसानंतर आयुष्यात पुन्हा हा खेळ खेळणार नव्हती. आणि ती पोरं दहा-सात अशी पुढे होती! शेवटची दोन मिनिटं. चेंडू शेजाऱ्यांकडे. त्यांचा चौथा प्रयत्न, एक-दीड यार्ड हवं. त्यांचा पळणारा घुसला, आमच्या एका थोराड पोराने त्याला कमरेला मिठी मारून खाली घेतलं, आणि त्यावर सगळे पडले. पंचाने चेंडू ठेवला, डोळे बारीक केले, आणि आमच्याकडे हात केला. साखळी.

अख्खं मैदान उभं. दोन हजार माणसं आणि कुणाच्या तोंडून आवाज नाही, नुसती वाफ. पंचाने क्लिप चिमटीत धरली, म्हातारा पुढचा खांब घेऊन धावला. क्लिप टेकली. साखळी ताणली. चेंडूचं नाक खांबाच्या दोन बोटं पुढे. शेजाऱ्यांना नवे चार प्रयत्न.

आता मला नवी क्लिप लावायची होती. मी गुडघ्यावर बसले, पट्टीच्या शाळेकडच्या कडेला हात नेला, आणि हात तिथेच थांबला.

शाळा समोर होती. शेजारच्या गावाचा संघ शाळेच्या दिशेने चालला होता.

सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे तिसऱ्या पाव भागात, ते शाळेकडून येत होते, तेव्हा मागची कड म्हणजे शाळेकडची कड. मी मनाशी सोपं करून ठेवलं होतं: शेजाऱ्यांचा चेंडू, शाळेकडची कड. पण चौथ्या क्वार्टरला संघ बाजू बदलतात. दिशा उलटते. मी आधीची क्लिप पुढच्या कडेला लावली होती, आणि पंचाने ती नियमाप्रमाणे मागच्या कडेवर टेकवली. पट्टी चार इंच रुंद असते. म्हणजे साखळी चार इंच मागे बसली होती. चेंडू खांबाच्या पुढे होता फक्त दोन बोटं.

पुढचा चेंडू टाकायला पंचवीस सेकंद असतात. पंच माझ्यापासून चार पावलांवर होता. ‘ओ, थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. ज्या मुलीने प्राचार्यांच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटला होता, ती मी, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? चेनवाल्याने तोंड उघडायचं नाही. आयुष्यात एक नियम पाळला नाही, आणि त्या घडीला नियमाच्या पदराआड जाऊन बसले. दुसरं मनात आलं ते ह्याहून वाईट: ह्या गावाच्या मला सह्या हव्यात.

चेंडू टाकला गेला. एकदा पुढचा चेंडू टाकला की आधीचा निर्णय बदलत नाही. दोन प्रयत्नांनंतर शेजाऱ्यांनी लाथ मारून चेंडू मैदानाच्या टोकाच्या गोलखांबांमधून पाठवला. तीन गुण. दहा-दहा. भोंगा वाजला.

हरलेला जमाव मी पाहिलाय, जिंकलेला पाहिलाय. असा कधी पाहिला नव्हता. कुणालाच कळेना आता काय करायचं. बँडच्या पोरांनी वाद्यं तोंडाला लावली आणि मास्तरांकडे बघत राहिली, कारण जिंकल्याची धून वेगळी, हरल्याची वेगळी, आणि बरोबरीची धूनच नाही. मैदानाच्या मध्यात दोन्हीकडची पोरं आमनेसामने उभी. अभिनंदन कुणी कुणाचं करायचं? मग त्यांच्यातला एक आणि आमच्यातला एक, दोघांनी एकदमच हात पुढे केले. लोक आपापल्या जागी उभेच होते, निघायचं विसरून. रागावलेले होते, पण कुणावर रागवायचं ते सापडत नव्हतं. मला ते माहीत होतं. दोन हजार माणसांत एकटीला माहीत होतं.

काकू कठड्यापाशी आल्या. “एवढी अंगावर पडापड केली, आणि शेवटी काय, दहा-दहा? त्यापेक्षा दोघांना एकेक चेंडू द्यायचा होता! अगं, तुझा चेहरा का असा झालाय?”

“आलेच काकू,” म्हटलं.

म्हातारा सामानाच्या खोलीत साखळी गुंडाळत होता. मी सांगितलं. सगळं सांगितलं, शाळेकडची कड, चौथा क्वार्टर, आणि ते पंचवीस सेकंद. तो गुंडाळायचा थांबला. चिमटीत चार इंचांचं अंतर धरलं, त्यातून दोन बोटं, म्हणजे दीड इंच, वजा केलं.

“अडीच इंच,” म्हणाला. “ते पोचले नव्हते.”

“नव्हते.”

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. तो म्हणाला, “चल.”

आधी तो पंचाला गाठून बोलला. पंचाने मान हलवली. निकाल निकालच राहतो. मग आम्ही कोचकडे गेलो. म्हाताऱ्याने टोपी काढली. “चेन चुकली. अडीच इंच. चेन माझी, चूक माझी.”

“अजिबात नाही,” मी म्हणाले, “क्लिप माझ्या हातात होती.” म्हाताऱ्याने माझ्यासाठी खोटं बोलावं? एवढ्या नीट मोजणाऱ्या माणसाने?

कोचने मैदानाच्या टोकाकडे बोट केलं. मग म्हणाला, “पोरांना तूच सांग.”

पोरं मैदानाच्या टोकाला गुडघ्यावर बसली होती. चिखलाने माखलेली, काही रडून मोकळी झालेली. मी आयुष्यात इतकं छोटं भाषण केलं नाही. क्लिप मी लावली, चुकीच्या कडेला लावली, ते पोचले नव्हते, तुम्ही जिंकला होता. एकाने हेल्मेट जमिनीवर आपटलं, शिवी दिली आणि निघून गेला. त्याचं बरोबर होतं. मग तो थोराड पोरगा, ज्याने कमरेला मिठी मारली होती, त्याने विचारलं, “तुम्हाला कधी कळलं? किकच्या आधी, का नंतर?”

‘नंतर’ म्हणता आलं असतं. तपासणार कोण होतं?

“आधी,” मी म्हणाले. “बोलायला हवं होतं. बोलले नाही.”

आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी अजून विसरलेले नाही. राग येणार म्हणून मी खांदे आवळून उभी होते, आणि तो हळूहळू उजळत गेला.

“म्हणजे मी थांबवलं होतं त्याला,” तो म्हणाला. मग उठून उभा राहिला आणि बाकीच्यांकडे वळला. “ऐकलंत का? मी थांबवलं होतं त्याला!”

एकाने त्याच्या पाठीत बुक्की घातली. दुसऱ्याने घातली. फलकावर दहा-दहाच होतं आणि राहणार होतं. पण ही पोरं फलकाकडे पाठ करून एकमेकांच्या पाठी बडवत होती. पाच मिनिटांपूर्वी त्या पोराने जन्मभर मनाशी घोळवायला एक गोष्ट उचलली होती, की शेवटच्या क्षणी आपण कमी पडलो. आणि मी गप्प राहिले असते तर तीच खरी समजून तो म्हातारा झाला असता. अडीच इंचांत एवढं मावतं, हे मला माहीतच नव्हतं. मी आजवर मैल आणि शेकडे लिहीत आले होते.

गोड शेवट मात्र झाला नाही. गावाच्या फेसबुक ग्रुपवर माझी यथेच्छ धुलाई झाली. दोघांनी फोन करून सांगितलं, आमच्या सह्या खोड. मी खोडल्या.

शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. म्हातारा. गाडीच्या डिकीत नारिंगी खांब आणि साखळी.

“मोजू या,” तो म्हणाला.

काकूंनी बूट घातले. “मी पण येणार. सांगून ठेवते.”

कॉम्प्लेक्सच्या फाटकापासून आम्ही साखळी टाकायला सुरुवात केली. मागचा खांब माझ्याकडे, पुढचा म्हाताऱ्याकडे, आणि मध्ये काकू, साडीवर जाड कोट घालून, मोठ्याने मोजत. “सतरा! झालं, उचला. अठरा!” नारिंगी खांब बघून गाड्या लांबूनच वेग कमी करत होत्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा काकू त्या रस्त्यावर चराकडे न कलता चालल्या.

दुकानाच्या दारापर्यंत एकसष्ट साखळ्या आणि वर चार यार्ड भरले. सहाशे चौदा यार्ड. अर्धा मैल म्हणजे आठशे ऐंशी. माझ्या मरणाच्या रस्त्याची तीसेक टक्के लांबी हवेतली निघाली.

“आणि शेकडो माणसं?” म्हाताऱ्याने विचारलं.

मी काकूंना मराठीत सांगितलं. काकू म्हणाल्या, “त्यात काय? मी खिडकीतच असते. सोमवारी मोजते.”

सोमवारी त्या सकाळपासून अंधार पडेपर्यंत खिडकीतून हलल्या नाहीत. जेवणही मांडीवर घेतलं. संध्याकाळी कागद माझ्या हातात दिला, पाच-पाच रेघांचे गठ्ठे. “एकोणीस माणसं गेली. पण त्यातली चार परत येताना पण मोजली मी, लाल टोपीवरून कळलं. म्हणून पंधरा लिही.”

“काकू, एकोणीस चाललं असतं.”

“अगं पण माणसं पंधराच होती ना?”

मी नवं पत्रक लिहिलं. सहाशे चौदा यार्ड. एका सोमवारी पंधरा माणसं. एका ट्रकचा आरसा, एक फाटलेली पिशवी. उद्गारचिन्ह एकही नाही. हात शिवशिवत होता, पण नाही. छापलं तेव्हा ते इतकं छोटं आणि गरीब दिसत होतं की मला लाज वाटली. कोण हलणार ह्याने?

मंगळवारी म्हातारा आला. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून शब्द न् शब्द वाचला. पेन्सिल काढली होती, पण रेघ मारायला जागाच सापडेना. शेवटी त्याच पेन्सिलने तो सही करायला लागला.

“पेन्सिलने नाही चालत,” मी म्हणाले. “पेन हवं. नियम आहे.”

त्याने सगळे खिसे चाचपले. काकू वरून खिडकीतून बघत होत्या. त्यांना काय हवंय ते कळलं असावं. दोन मिनिटांत त्या स्वतः खाली आल्या, एकट्या, हातात पेन घेऊन.